चपलेची पसंती

कर्जतच्या बाजारात दशरथच्या दुकानात चपलांचा ढीग पडला होता. माधवीनं अजून एकीलाही हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

"यातली कुठली?" रोहिणीमावशीनं पुन्हा विचारलं.

"तू म्हणशील ती."

"पाय तुझा हाय ना?"

"हो. सॉरी, मावशी."

मावशीनं कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. चहा की दूध? तू म्हणशील ते. खिडकीपाशी बसतेस? तू म्हणशील तिथं. पंधरा वर्षांची पोर. बाप उठता-बसता तिला मूर्ख, बिनकामाची म्हणायचा. हात कधी उगारला नाही, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. दिवाळीत मावशी त्याच्याशी भांडून तिला कडावला, आपल्या घरी घेऊन आली. तेव्हापासून, तुझ्या मनातलं तू सांग, असं समजावून समजावून मावशीचं तोंड दुखायला आलं होतं.

"ही घाल." तिनं निळी जोडी पुढं ढकलली. "लागत नाय ना?"

माधवीनं पायाकडं बघितलं. "तुला काय वाटतं?"

"अगं, तुझा पाय दुखतो का ते मी सांगू? एवढी घोडी झालीस, अक्कल हाय का नाय तुला?"

माधवी दचकली नाही की रडली नाही. तिच्या ओळखीचंच वाक्य होतं.

"हीच घे," ती म्हणाली. "मस्त बसते."

मावशी स्टुलावर बसली. ज्या माणसाच्या घरातून पोरीला काढलं, त्याचंच बोलणं तिच्या तोंडून आलं होतं.

"माधवी, चुकलं माझं. असं बोलायला नको होतं मी."

माधवी तिच्याकडं बघतच राहिली. मोठं माणूस आपल्याला असं म्हणतं, हे तिला नवीन होतं. ती चपलेच्या पट्ट्याशी चाळा करू लागली.

"अंगठ्याला लागते," ती हळूच म्हणाली. "आन मला निळी आवडत नाय."

"मग काढ ती."

लाल आली. सैल होती. तपकिरी आली, तिची टाच टोचत होती. कडावची रिक्षा भरून निघून गेली. मावशीनं ती जाताना बघितली आणि दात आवळले. दशरथनं घाम पुसला.

"आता तरी पसंत हाय का?"

"नाय," माधवी म्हणाली. "ती वरच्या फळीवरची दाखवा."

दशरथनं वैतागून मावशीकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस रं?" मावशी खेकसली. "ती सांगतेय ना!"