ओळखीचा हात

"आई, उद्या सकाळी बिल्डरची माणसं गच्ची रिकामी करणार आहेत," तनया म्हणाली. "बाबांची अँटेना आजच उतरवून घेऊ."

पद्मजाचा हात अजून मोर्सचे संदेश पाठवायच्या कीवर होता.

कात्रजची ती जुनी इमारत पाडायची ठरली होती. पद्मजाला लेकीकडे वाघोलीला जायचं होतं. तिथल्या सोसायटीला गच्चीत वाळत घातलेले कपडे खपत नव्हते, तर अँटेना कुठून खपणार?

"मग मकसूदभाईंना कोण उत्तर देणार?"

"बाबा गेले हे सांगून टाक ना. वर्ष होत आलं! आणि लायसन्स नसताना बाबांच्या कॉल साइनवर बोलतेस, हे इल्लीगल आहे, आई. परीक्षा तरी द्यायचीस."

"परीक्षा दिली असती तर मला रेडिओवर माझ्या नावाची वेगळी कॉल साइन मिळाली असती. मग श्याम कोण झालं असतं?"

तनयाने कपाळावर हात मारून घेतला आणि ती सामान बांधायला गेली.

पद्मजाचा नवरा श्याम आणि हडपसरचे मकसूद हे हॅम रेडिओवरचे, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांतले, दोस्त. रोज सकाळी चहा झाला की दोघे कट्ट-कडकट्ट सुरू करायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी गप्पा. बाकीच्या मंडळींनी मोर्स कधीच सोडून दिला होता, त्यामुळे त्यांच्या वाटेला कोणी जात नसे. पहिल्यांदा संपर्क झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे दोघांनी एकमेकांना पत्ता छापलेलं कार्ड पाठवलं. मकसूदभाईंचं कार्ड शोकेसच्या काचेत अजून खोचलेलं होतं. पण इतक्या वर्षांत प्रत्यक्ष भेट नाही, फोन नाही. "एका गावात राहून भेटायचंच असेल, तर रेडिओ घेतला कशाला?" श्याम म्हणायचा.

पद्मजा स्वयंपाकघरात ऐकून ऐकूनच मोर्स शिकली. एकदा श्यामच्या जागी बसून तिने गुपचूप 'काय मकसूद' एवढं पाठवलं होतं. लगेच उत्तर आलं, 'भाभी, श्यामला चहा द्या आणि की परत करा.' कीवर कोणाचा हात आहे हे मकसूदभाई दोन अक्षरांत ओळखायचे. प्रत्येकाचा हात वेगळा, हस्ताक्षरासारखा.

श्याम गेल्या गणपतीत गेला. दिवस झाल्यावर, मकसूदभाईंना आता कळवायलाच हवं, म्हणून पद्मजाने सेट लावला. तर त्यांची हाक येतच होती. संथ, चाचपडत. तिने श्यामची कॉल साइन दिली आणि पुढे 'गेले' हा शब्द काही तिच्या हातून उमटेना. तिने पाठवलं, 'आजारी होतो. तुझीच वाट पाहत होतो.'

पलीकडे कितीतरी वेळ नुसती खरखर.

मग अक्षरं आली. 'मीही दवाखान्यात होतो. हृदय. हात नीट चालत नाही. तू रोज बोलत राहा, श्याम.'

झालं, ती अडकली. एकदा सकाळभर वीज नव्हती, तर दुसऱ्या दिवशी सेट लावताच हाकांवर हाका: 'आहेस ना? आहेस ना?' सांगितलं तर त्या दुखऱ्या हृदयाचं काय होईल, या विचाराने पद्मजा सांगणं पुढे ढकली. आणि रोज वाटे, आज हा माणूस आपला हात ओळखणार. पण त्यांनी कधीच ओळखला नाही. आजारपणात बिचाऱ्यांचा कानही गेला असावा, असं म्हणून ती सुटकेचा निःश्वास टाकी आणि मग त्याचंच तिला वाईट वाटे.

आता उद्यापासून सगळंच बंद. न सांगता गप्प झालो तर तो माणूस हाका मारून मारून मरेल. सांगितलं तरी मरेल. शेवटी तिने काचेतलं कार्ड काढलं, तनयाला न सांगता जिना उतरली आणि रिक्षात बसली. समोर बसून, त्यांचा हात हातात घेऊन सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

हडपसरला दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. "मी फरहत, या घरची सून. आपण?"

"पद्मजा. कात्रजच्या श्यामची बायको."

फरहतने दार सताड उघडलं. "श्यामचाचा बरे आहेत ना? आज सकाळी तर बोलणं झालं."

"मला मकसूदभाईंना भेटायचंय."

"बसा ना, चाची. पाणी आणते."

"पाणी नको गं. भेटू दे मला."

"त्यांना… आत्ता नाही भेटता येणार."

म्हणजे इतकं वाढलंय तर! पद्मजाचा धीर सुटला. खिडकीशी टेबलावर रेडिओ चालू होता, की पुसून लखलखीत ठेवलेली होती. ते पाहून ती हुंदके देत बोलायला लागली.

"मग तूच सांग त्यांना, हळूहळू, त्यांना सोसेल तसं. हे राहिले नाहीत गं. गेल्या गणपतीतच गेले. तेव्हापासून रोज सकाळी मीच बोलते, यांच्या नावाने. उद्या आमची अँटेना उतरणार. एकदम बंद झालं तर मकसूदभाईंना काहीतरी होईल, म्हणून आले. मला माफ करायला सांग त्यांना."

फरहत टेबलाशी गेली, नेहमीच्या सवयीने खुर्ची पुढे ओढून बसली आणि तिने कीवर बोटं ठेवली.

सेटमधून बारीक सूर उमटू लागले. संथ, चाचपडत. पहिल्या दोन अक्षरांतच पद्मजाने तो हात ओळखला.

'त्या दिवशी मीही, अब्बा गेले, एवढंच सांगायला बसले होते.'