अरबीचा पहिला धडा

दाढी करता करता अरबीचे धडे घोकणारा दिनकररावांचा खणखणीत आवाज प्रभाताईंच्या कानांत अजून होता. "उंटांशी गप्पा मारायच्यात वाटतं!" म्हणून नव्या नवरीनं तेव्हा त्यांची थट्टा केली होती. त्याच अरबीवर त्यांनी तीस वर्षं सरकारी अनुवादकाची नोकरी केली, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावात नवा फ्लॅट घेतला. तिथं त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मराठी पार पुसली गेली. जिभेवर उरली ती फक्त अरबी.

वरच्या मजल्यावरची तेजश्री अरबीत एम. ए. करत होती. ती रोज येऊन ऐकायची आणि सांगायची, "चहा मागताहेत, काकू."

चहा पुढे केला की ते तोंड फिरवायचे आणि डोळ्यांत पाणी आणून, जात्यावरच्या ओवीसारखं तेच लांबलचक वाक्य पुन्हा म्हणायचे. प्रभाताईंना वाटायचं, कुठं दुखतंय का? निघायची भाषा तर नाही ना?

शेवटी त्यांनी नवऱ्याचं पिवळं पडलेलं अरबीचं पुस्तक काढलं आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत बसल्या.

"काकू, या वयात कशाला हा त्रास?"

"एवढ्या मोठ्या वाक्यात नुसता चहा मावत नाही गं. तू सांगत नाहीस, मग मीच शिकते."

तेजश्रीनं पुस्तक हळूच मिटलं.



"काकू, ते म्हणतात, 'या बाई फार चांगल्या आहेत, पण माझ्या बायकोला कुणीतरी बोलवा. ती घरी एकटी घाबरली असेल.'"