पगाराची केस

“बरं,” व्यवस्थापक म्हणाले. “आणखी काही?”

तिनं नकारार्थी मान हलवली. तिच्या मते सगळं सांगून झालं होतं.

आणि सांगितलंही झकास होतं. नोकरीला दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी दिवसाला बारा रोगी, आता बावीस. टाके घालणं, प्लास्टर काढणं, घरी सोडायच्या रोग्यांचे कागद, सगळं तीच बघते. तिच्याबरोबर शिकलेल्यांना दुसरीकडे सव्वापट पगार मिळतो. घरी वडील, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि रुग्णालयाचा विमा फक्त तिच्या एकटीचा. ती कुठे अडखळली नाही की कुठे फाफटपसारा केला नाही. मग थांबली, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिली.

चूक एवढीच झाली, की ती मागायचंच विसरली. ती फिजिशियन असिस्टंट होती. रोगी आधी तिनं तपासायचा, त्याची हकीगत नीट जुळवून डॉक्टरांपुढे मांडायची आणि गप्प बसायचं. काय करायचं ते डॉक्टर ठरवणार. दिवसातून बावीस वेळा हेच केलं, की ते अंगवळणी पडतं. स्वतःचा पगारही तिनं तसाच मांडला होता आणि आता निर्णयाची वाट बघत होती.

काल स्वयंपाकघरात तालीम झाली, तेव्हाही हेच घडलं होतं. बाबा व्यवस्थापक झाले होते. उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला माणूस. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी तिला इतकं छळलं, की दोघं हसून हसून बेजार झाली.

“अगं, पण तुला हवंय किती, ते कुठं सांगितलंस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“ते ठरवतील ना, बाबा.”

बाबांनी गुडघे चोळत तिच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

व्यवस्थापकांनी आता फाइल मिटायला घेतली. माणूस वाईट नव्हता, पण न मागता द्यायला तो काही तिचा मामा नव्हता. “नेहमीची वार्षिक वाढ मिळेल. विम्याचं पुढच्या वर्षी बघू. चालेल ना?”

चालणार नव्हतं. आताच जिना उतरायला बाबांना दोनदा बसावं लागत होतं. पुढच्या वर्षी ते खालीच आले नसते. तिला रडू येत होतं, त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता. तरी “चालेल” हा शब्द जिभेवर आलाच.

“पुढे काय करायचं?”

प्रश्न खिडकीजवळच्या खुर्चीतून आला. तिथे मोठ्या डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. त्यांच्याच हाताखाली ती काम करायची. विभागप्रमुखांनी अशा बैठकीला हजर राहायचं असा नियम होता, म्हणून त्या आल्या होत्या, आणि आल्यापासून चकार शब्द बोलल्या नव्हत्या. वॉर्डात रोग्याची हकीगत सांगून झाली, की अधूनमधून चष्म्यावरून बघत त्या हेच विचारायच्या. ती दर वेळी म्हणायची, “तुम्ही सांगाल तसं, मॅडम.”

तेच म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण मॅडम काय सांगणार? त्यांनी बाबांना जिना उतरताना पाहिलं नव्हतं. ते तिनं एकटीनं पाहिलं होतं, रोज.

“पगार सव्वापट,” ती म्हणाली. “विमा वडिलांसकट, याच महिन्यापासून. आणि वर्षाला दहा दिवस शिकायला भरपगारी रजा. पगारात थोडं मागेपुढे चालेल. विम्यात नाही.”

एवढं बोलून ती गप्प बसली. पण या वेळी ती वाट बघत नव्हती.

व्यवस्थापक चिडले नाहीत. ते गोंधळले आणि मॅडमकडे वळले.

“मॅडम, आता काय करू मी? नेहमीच्या वाढीच्या वर जाऊ नका, ही मुलगी स्वतःहून काही ठरवू शकत नाही, असं तुम्हीच तर लिहून दिलंय.”

तिनं झटकन मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नजर चुकवली नाही.

“दिलंय,” त्या म्हणाल्या आणि व्यवस्थापकांपुढे हात केला. “आणा तो कागद इकडे. आणि पेन द्या.”