सोनाराची कानस

सून घरात न सांगता बाहेर पडते, ही राहीबाईंची रोजची तक्रार. पण अंकिता रुमालात काहीतरी लपवून दुसऱ्यांदा पोतदार सोनाराकडं गेली म्हटल्यावर त्यांना घरची बोरमाळ आठवली, आणि पदर खोचून त्या कोरेगावच्या भर पेठेतून थेट दुकानात शिरल्या.

"माझी बोरमाळ मोडाय आलीस व्हय गं? उघड तो रुमाल, बघू दे चार मान्सांस्नी!"

पोतदारांनीच हातातली कानस ठेवून रुमाल पुढं केला. त्यात कॉम्प्युटरचं हिरवं कार्ड होतं, एका कडेला सोनेरी दात असलेलं.

"आवं आक्का, पडद्यावर चित्र उमटवायचं कार्ड हाय ह्ये. तुमच्या लेकानं, वीरधवलनं, त्याच्या कॉम्प्युटर क्लाससाठी पुण्यासनं नवं आणलं, आन् जुन्या मशिनीत त्ये बसंना. बारीक खाच पाडून द्या म्हनली पोरगी. तुमाला कळलं तर तुमी त्याला गावभर येडा ठरवाल, म्हून बिचारी गुपचूप आली."

गिऱ्हाइकं उगाच तराजूकडं बघू लागली. अंकितानं डोळे पुसायला पदर उचलला, आणि गळ्यातली बोरमाळ दिसली.

राहीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेपुढं मान खाली घातली.

 

"पोरी, माझं टोचल्यालं कान कवाच बुजलं हुतं. आज सोनारानं पुन्यांदा टोचलं बघ."