ओटेरो गेला

ओटेरो बॅट घेऊन यायला निघाला, की मिलवॉकीच्या बेसबॉल स्टेडियममध्ये त्याचं ठरलेलं गाणं वाजायचं आणि लोरेन हातातली बिअर खाली ठेवून नाचायला लागायची. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याचा, क्लिफचा, नुसता जळफळाट व्हायचा.

परवा क्लबने ओटेरोला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात चेंडू टाकणारा एक पिचर घेतला. सगळं गाव हळहळलं. क्लिफला मात्र आनंद लपवता येईना.

आजच्या मॅचला ओटेरोच्या जागी भलताच कुणी आला, भलतंच गाणं वाजलं. लोरेन बसूनच राहिली.

"एवढी आठवण येतेय का त्याची?" क्लिफने टोमणा मारलाच.

"त्याचं काय घेऊन बसलास! ते गाणं लागलं, की तेवढा वेळ तरी तू मॅच सोडून माझ्याकडे बघायचास."