मागची रांग

बॅलेच्या रिसायटलमध्ये रुहीला मागच्या रांगेत टाकलं म्हणून मी तणतणत तिच्या टीचरकडे, मिस गालिनाकडे गेले. ओहायोच्या बर्फातून आठवड्याला तीन वेळा ड्राइव्ह करून आणते मी मुलीला, ती काय मागे उभं राहायला?

मिस गालिनांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला. रशियातलं मोठं थिएटर, हंस झालेल्या चोवीस मुली.

"बावीस वर्षं मी यांच्यात नाचले. शोधा बरं मला."

मी चष्मा लावला. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या, सगळ्यांचे हात एकाच उंचीवर.

"नाही सापडत," मी शेवटी कबूल केलं.

"माझ्या आईलासुद्धा कधी सापडले नाही," त्या म्हणाल्या, अशा अभिमानाने की जणू मेडलच दाखवताहेत.

मे महिन्यात रिसायटल झालं. मागच्या रांगेतल्या बारा मुलींचे पाय एकदम उचलले गेले. नवऱ्याने हळूच विचारलं, "यातली आपली कुठली गं?"

"सापडत नाहीये," मी म्हटलं, आणि उभी राहून टाळ्या वाजवायला लागले.