आत ऑपरेशन चालू आहे

वैजयंतीच्या कॉम्प्युटरमधल्या मदरबोर्डचं बायोस, म्हणजे त्याला सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट होत होतं. ते झाल्याशिवाय नवा प्रोसेसर चालणार नव्हता, आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला असता. तिचा लग्नपत्रिकांचा धंदा त्याच कॉम्प्युटरवर चालायचा.

नेमका वायरमन दारात. "आजी, मीटर बदलायचाय. मेन बंद करतो."

"खबरदार!" सासूबाई मीटरपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "आत सूनबाई ऑपरेशन करतेय."

"डॉक्टर आहेत?"

"घरच्या घरी शिकलीय. पेशंट टेबलावर उघडा पडलाय."

वायरमन चपला काढून बसला.

अपडेट संपलं. वैजयंतीनं नवा प्रोसेसर बसवला, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. स्क्रीन उजळला, नव्या प्रोसेसरचं नाव झळकलं.

"आई, झालं!"

सासूबाईंनी साखरेचा डबाच आणला. पहिली चिमूट सुनेच्या तोंडात, दुसरी वायरमनच्या हातावर.

"खा. आता खुशाल कर अंधार."